सात माद्या

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या बायकोचा पाय सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. बाकी बरं काहीच नाही. सोमवारी करवतवाले येणार, उतारावरची सगळी फरची झाडं पाडणार आणि सालीसकट जाळणार. वडिलांनी एकेक रोप खांद्यावरून नेऊन लावलेलं. मी तुला धीर देणार नाही, मला ते जमत नाही. ती झाडं गेली. आता रोज शेंड्याकडे बघत बसू नकोस, मान तेवढी दुखेल.

तू विचारलंस, एवढासा भुंगेरा ओळखायला त्या शिकलेल्या बाईला काय धाड भरली होती. तर ऐक. अठरा वर्षं मी त्या बाईंच्या प्रयोगशाळेत किड्यांचे सापळे धुतेय. मी चौथी शिकलेली, पण बाईंनीच एक दिवस मला भिंगापाशी बसवलं, म्हणाल्या तुमची नजर माझ्याहून चांगली आहे. तेव्हापासून निवडायचं काम माझ्याकडे. फरच्या सालीत दोन भुंगेरे सापडतात. दोन्ही तांदळाच्या कणीएवढे, तपकिरी, सख्खे भाऊ वाटावेत असे. एक फांद्यांत राहतो. फांद्या तोडून जाळल्या की झाड वाचतं. दुसरा खोडात शिरतो, तो दिसला की झाड त्याच आठवड्यात पाडायचं, नाहीतर शेजारची जातात. फरक नराच्या मागच्या टोकाला. खोडवाल्याचा एक दात आकड्यासारखा वर वळलेला असतो, फांदीवाल्याचा सरळ. माद्यांना तसला दातच नाही. त्यांच्या कपाळावर केसांचं झुलूप, दोघींचं सारखंच. म्हणून मादीवरून निकाल द्यायचा नाही, नर मिळेपर्यंत कुपी बाजूला ठेवायची, असा बाईंचा नियम. मी म्हणायचे, बाईची ओळख नवऱ्याच्या ढुंगणावरून, इथंही तेच का! बाई हसता हसता चहा सांडायच्या.

मार्चमध्ये तुझ्या उतारावरची कुपी आली, तेव्हा बाई त्यांच्या आईला घेऊन दवाखान्यात होत्या. कुपीत सात भुंगेरे. सातही माद्या. तुझा रोज फोन, ताई निकाल लागला का, तू तिथं कामाला आहेस की नुसती झाडू मारतेस. मी चिडले. खरं तर घाबरले होते. भिंगातून बघत राहिले आणि मला ती झुलपं जरा आखूड वाटली. वाटली म्हणजे, मला तशी हवी होती. मी चिठ्ठीवर लिहिलं, फांदीवाला. बाई परत आल्या, दमलेल्या होत्या, माझ्या भरवशावर न बघता सही करून मोकळ्या झाल्या. तू इमानदारीनं फांद्या तोडल्यास. खोडातला खोडातच राहिला, आणि जूनमध्ये बाहेर पडून पुढच्या झाडांत शिरला.

तू तक्रार केलीस ती बाईंच्या नावानं. काल त्यांना घरी बसवलं. त्या खोक्यात सामान भरत होत्या आणि मी फरशी पुसत होते. चिठ्ठीवरचं अक्षर कोणाचं, हे त्यांना ठाऊक आहे. मी प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, मावशी, बाईंवर तुमचा जीव आहे ते कळतं, पण सफाईवालीच्या सांगण्यावरून कागद फिरत नाही, जा कामाला लागा. शुक्रवारी चौकशीत तुझा जबाब आहे. तुझं ऐकतील. त्यानं झाडं उभी राहणार नाहीत, बाईंना परत घेतील असंही मला वाटत नाही. तू माझं तोंड बघणार नाहीस, तेही धरूनच चाललेय. तरी तक्रारीतलं त्यांचं नाव खोड आणि लिहून दे, की निकाल माझ्या बहिणीनं दिला, नियम माहीत असताना दिला.

तुझीच, अजून म्हणवत असेल तर,
ताई