ओळखता का याला?

बाई,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. पत्राची सुरुवात खुशालीनं करावी हे तुम्हीच शिकवलंत, पण आज मला ती करायची नाही. परवा वर्गात म्हणी शिकवत होते. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण फळ्यावर लिहिली, अर्थ सांगायला वळले आणि खडू खाली ठेवला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी 'अर्थ घरून लिहून आणा' असं सांगून मी खुर्चीत बसले. ही म्हण तुम्ही मला दोनदा शिकवलीत. एकदा सातवीच्या वर्गात आणि एकदा पुलावरच्या नाक्यावर.

गावात दंगल होऊन तेव्हा महिना झाला होता. संचारबंदी उठली, पण ओढ्याच्या पुलापाशी बंदूकवाल्या पोलिसांचा नाका बसला तो बसलाच. ओढ्यापलीकडे वस्ती आणि अलीकडे बाजार, दवाखाना, बसस्टँड. पलीकडच्या माणसाला मीठ आणायचं असलं तरी नाका ओलांडावा लागे. पोलीस लांबच्या कानडी जिल्ह्यांतून आणलेले, त्यांना ना आपली मराठी कळायची ना आपली माणसं. कुणाला पाच मिनिटांत सोडत, कुणाला दोन-दोन तास उन्हात उकिडवं बसवत, आणि का ते विचारायची सोय नव्हती. तुम्ही नुकत्याच निवृत्त झाला होता. मी तुमच्याच शाळेत नवी लागलेली, सकाळची शाळा सुटली की मोकळी. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर या तिसऱ्या. तुम्ही आम्हा दोघींना तुमच्या स्वयंपाकघरात बसवलंत, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी वाढलीत, आणि आमचे घास तोंडात असतानाच म्हणालात, "आपुन तितं जाऊन बसायचं. भांडायचं न्हाई, कुणाला सोडवायचं न्हाई. बघायचं आन् लिव्हायचं. कुणीतरी बघायलंय म्हणलं की मान्साचा हात जरा आखडतोय." सिस्टर म्हणाल्या, "आन् आपल्यालाच धरून नेलं तर?" तुम्ही म्हणालात, "मग तितं बी बसून लिव्हू." आम्ही हसलो. मला त्या दिवशी तुमच्याएवढं धीराचं माणूस जगात दुसरं नाही असं वाटलं होतं. तुमचा राग येतो तो त्यामुळेच. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याच्यावर कोण इतकी वर्षं रागावून बसतं?

पुलाच्या अलीकडे सोड्याचं दुकान होतं, त्याच्या मालकानं तीन लोखंडी खुर्च्या दिल्या. दोनशे पानी वहीत तुम्ही पट्टीनं रकाने आखलेत. वेळ, माणूस कसा, किती वेळ थांबवला, काय बोलले, काय केलं. नाव कुणाचंच लिहायचं नाही, कारण वही उद्या कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यात मी एका म्हाताऱ्याबद्दल 'बिचारा तासभर बसून होता' असं लिहिलं. संध्याकाळी तुमच्या ओट्यापाशी बसून पक्की प्रत करताना तुम्ही माझ्या हातातला पेन काढून घेतलात. "'बिचारा' कोण म्हणलं? तू. नाक्यावर कुणी म्हणलं का? मग ते खोड. त्यो तासभर बसला, एवढं खरं हाय. तुझं वाटणं तुझ्यापाशी ठेव." मला रडू आलं होतं. मग तुम्ही तुमचा स्वतःचा पेन मला देऊन टाकलात, शाईचा, हिरव्या टोपणाचा, आणि म्हणालात, "ह्याच्यानं लिव्ह. आपोआप सरळ लिव्हशील." त्या पेनानं मी किती दिवस काय काय लिहिलं! कुणाची पिशवी उपडी केली, कुणाला कान धरायला लावले, दुधाच्या किटलीत दांडकं घालून कसं बघितलं, सगळं मिनिटासकट. आणि फरक पडत होता, हेही लिहायला हवं. पोलीस आधी आम्हाला हसले, मग वैतागले, मग आम्ही आलो की आवाज खाली आणून बोलायला लागले. दुधवाल्या बायका तर आमच्या खुर्च्या मांडल्यावरच पूल ओलांडायला निघायच्या.

पण पोलिसांनी आमचा एक उपयोग शोधून काढला. त्यांना गावातलं कुणी माहीत नव्हतं आणि आम्हाला सगळे माहीत होते. हवालदार एखाद्याला धरून आमच्यापुढे आणायचा आणि विचारायचा, "टीचर, इसको पहचानते क्या?" एकदा सिस्टर एका बाळंतिणीच्या नवऱ्यासाठी 'हो, ओळखते' म्हणाल्या आणि तो लगेच सुटला. आम्हाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र हवालदार एका गवंड्याला म्हणाला, "ये मॅडम भी तेरे को पहचानते नहीं, तो तू है कौन?" आणि त्याला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. त्याच संध्याकाळी तुम्ही नियम केलात. आपण कुणालाच ओळखायचं नाही. "आज एकाला आपला म्हणलो की राहिलेले सगळे परके झाले. मग आपुन बघणारे राहिलो न्हाई, त्यांचे हवालदार झालो." सिस्टर कुरकुरल्या, पण मला ते इतकं पटलं की मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलं. आजही मला तो नियम चुकीचा वाटत नाही. सगळी अडचण तिथंच आहे.

पिंजारी चाचा आले तो दिवस मंगळवारचा, बाजाराचा. दरवर्षी थंडीत ते आमच्या ओसरीवर बसून गाद्या पिंजायचे. माझ्या अक्काच्या लग्नातली गादी त्यांनीच भरली. लहानपणी मी कापसाच्या ढिगात लोळायला लागले की ओरडायचे, "नक्को बेटा, नाक में जाता!" त्या दिवशी ते खांद्यावर पिंजण घेऊन चालले होते. माणसाएवढं लांब लाकूड, त्याला ताणून बांधलेली आतड्याची दोरी, म्हणजे तात. बाहेरून आलेल्या त्या पोलिसांनी असली वस्तू जन्मात बघितलेली नव्हती. एकानं विचारलं, "ये क्या है? धनुष है क्या?" चाचा हसून म्हणाले, "गादी का है साब, कपास पिंजने का." एका तरुण शिपायानं बोटानं तात ओढून सोडली. ती मोठ्यानं वाजली, तो दचकून मागं सरला, आणि बाकीचे त्याला हसले. एवढंच झालं, बाई. त्या हसण्यावर तो चिडला. त्यानं खिशातला चाकू काढून तात कापली आणि चाचांची कॉलर धरली. तेव्हा हवालदारानं नेहमीसारखं माझ्याकडे वळून विचारलं, "टीचर, इसको पहचानते क्या?" चाचांनी माझ्याकडे बघितलं. यापुढचं मी नवऱ्याला, अक्काला, शाळेतल्या मैत्रिणींना नेहमी असं सांगत आले, की मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही मान हलवलीत, आणि मी मूग गिळून बसले. तशी अगदीच गप्प नाही बसले. "हम लोग सिर्फ लिखते हैं," असं म्हणाले. आणि खरोखरच लिहिलं. सव्वाबारा वाजता. पुरुष, वय पन्नासच्या पुढे, सोबत पिंजण. तात कापली. जीपमधून नेले.

शुक्रवारी तुमच्या बहिणीचा मुलगा आला. हुमनाबादच्या नव्या कारखान्यात नोकरीला होता, आठवड्याची सुट्टी काढून मोटारसायकलवरून गावाकडे येत होता. पुलाच्या पलीकडच्या रस्त्यानं आला म्हणून त्यालाही थांबवलं. कागद नव्हते, वर तो हवालदाराशी हुज्जत घालायला लागला. त्याला खाली बसायला सांगितलं, इतकंच. अजून कुणी हातही लावला नव्हता. मी घड्याळ बघून वेळ लिहायला घेतली आणि माझ्या शेजारची खुर्ची करकरली. तुम्ही उठला होता. पदर खोचून तुम्ही सरळ नाक्याच्या बांबूपाशी गेलात आणि हवालदाराला कानडीत म्हणालात, "इंव नम्मांव. बिड्री." हा आमचा आहे, सोडा. कुणी तुम्हाला 'ओळखता का' म्हणून विचारलंदेखील नव्हतं! बांबू वर गेला. मोटारसायकल भुर्रकन निघून गेली. तिथं त्या वेळी आणखी सहाजण उन्हात बसले होते, त्यांनी ते सगळं बघितलं. त्यातल्या एकानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

तुम्ही परत येऊन बसलात तेव्हा मी म्हणाले, "बाई, नियम?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "त्याची माय आजारी हाय. औषध घेऊन जायलाय त्यो." मी म्हणाले, "आन् हे सहाजण कामून बसलेत, हे कुणी विचारलंय का?" तुम्ही म्हणालात, "तुला अजून लेकरूबाळ न्हाई. कळंल तवा बोल." हे मला वर्मी लागलं. संध्याकाळी तुमच्या ओट्यापाशी पक्की प्रत करताना मी त्या ओळीवर आले आणि तुम्ही भाकरी थापता थापता, पाठमोऱ्याच, म्हणालात, "तेवढी ओळ सोड." मी सोडली. तुम्ही दिलेल्या पेनानं त्याच्या आधीची ओळ लिहिली आणि त्याच्या नंतरची लिहिली. 'बिचारा' खोडायला लावणाऱ्या बाई त्या याच का, असं मनात म्हणत लिहिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

पुढच्या महिन्यात नाका उठला. वही पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे गेली, त्यांनी तुमचं कौतुक केलं, शाळेच्या पटांगणात शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. तुम्ही भाषणात म्हणालात, आम्ही कुणालाही आपलं म्हटलं नाही आणि कुणालाही परकं म्हटलं नाही. टाळ्या वाजल्या. सिस्टरनी वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते, ते तुम्हाला दिसलं असणार, कारण त्यानंतर तुम्ही मला कधी जेवायला बोलावलं नाहीत. मीही आले नाही. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पेपर तपासत होते. शेवटचा पेपर तपासून होईपर्यंत उठले नाही. तोवर तुम्हाला नेलं होतं.

चाचांना आठ दिवसांनी सोडलं. उजवं मनगट मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. पिंजण तर जीपमधून गेलं ते परत आलंच नाही. पुढं गावात फोमच्या गाद्यांचं दुकान निघालं, त्यांचा एक मुलगा पुण्याला गेला, दुसरा हैदराबादला, आणि लोक म्हणायला लागले की तसंही त्यांचं काम बसणारच होतं. असं म्हणणं सोपं असतं. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या घरी गेले. खूप थकले होते, पण मला लगेच ओळखलं. चहा मागवला, अक्काची चौकशी केली. मग म्हणाले, "उस दिन तुम लिखरे थे ना बेटा. मैं जीप में से देखा. मेरे कू लगा, लिखरे तो कुछ तो होइंगा." आणि थोड्या वेळानं अगदी सहज वहीचं विचारलं, "वो कापी का क्या हुआ?" मी चहा तसाच ठेवून आले.

म्हणून हे पत्र, बाई. तुम्ही मला फसवलंत हे तुम्हाला लेखी कळवावं म्हणून बसले. आणि ते खरंच आहे, त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, तर मग रकाना पूर्ण भरायला काय हरकत आहे? त्या मंगळवारी तुम्ही मान हलवली नव्हतीत. तुम्ही तिथं नव्हताच. सिस्टरना उन्हानं चक्कर आली म्हणून त्यांना धरून तुम्ही सोड्याच्या दुकानात नेलं होतं. खुर्चीवर मी एकटी होते. हवालदारानं विचारलं तेव्हा मला नियम आठवलासुद्धा नाही. तो शिपाई चाकू उघडाच धरून उभा होता आणि मी भ्याले. नियम नंतर आठवला, आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुम्ही परत आलात तोवर जीप गेली होती. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून ती ओळ वाचलीत, बराच वेळ वाचलीत, आणि हळूच विचारलंत, "वळखीचा हुता का गं?"

मी म्हणाले, "न्हाई, बाई."