आमच्या धरणातली वाळू

१२ जुलै
सरकारी अनुदान मंजूर. सिमेंट, सळ्या, गवंडी सरकारचे. दगड आणि अंगमेहनत आमची. गटात बावीस बायका, तीन पुरुष. अध्यक्ष मी, कारण अर्ज इंग्रजीत मी लिहिला. बायकोला, स्योंबुआला म्हटलं, अथी नदीवरून पाणी आणायची तुझी रोजची पायपीट आता संपली, गाढव निवृत्त. ती म्हणाली, "कामेनेचे बाबा, गाढवाला सांगितलंत का?" तिचा गुडघा सुजलाय. राग माझ्यावर काढते.

२० जुलै
किटुईला, जिल्ह्याच्या ठिकाणी, प्रशिक्षण. सकाळचं सत्र उत्तम. जेवणात बकऱ्याचं मटण होतं, त्यामुळे दुपारचं सत्र डोळे मिटून ऐकलं. मुद्दा साधा आहे. कोरड्या नदीत भिंत घातली की पाणी अडतं. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय.

८ ऑगस्ट
काम सुरू. बायका गात गात दगड वाहतात. मी देखरेख करतो. आजपासून रोज दहा दगड मीही उचलणार.
आज तीन. पाठ.

२६ सप्टेंबर
भिंत पूर्ण. फलक लावला. वर माझं नाव, खाली गटाचं. गटातली कवाता बघून गेली. या बाईने माहेरी असं एक धरण बांधलंय, म्हणून सगळ्या तिचं ऐकतात. म्हणाली, "मास्तर, पुराने वाळू भरली की झालं. पाणी वाळूच्या पोटात राहतं, उन्हाला सापडत नाही." मी समजावलं की धरणात पाणी असतं, वाळू वाळवंटात असते. ती हसली. शिक्षण नसलं की माणूस हसतो.

१४ नोव्हेंबर
पूर. तपकिरी पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत. फोटो काढला. यात मासे सोडायचे.

९ जानेवारी
अनर्थ. धरण काठोकाठ वाळूने भरलंय. माझे मासे कुठे ठेवू? आणि काळजी कोणालाच नाही. बायका वाळूत हातभर खड्डा करतात, जरा थांबतात, पाणी वर येतं, कॅन भरून निघतात. तात्पुरती सोय आहे. स्योंबुआ सकाळी आठलाच घरी. अंगणात बसून अख्खा कप चहा प्यायली. गुडघ्याची सूज उतरलीये. गाढवाचं पोट सुटलंय.
पण दिसायला? रस्ता दिसतो, धरण नाही.

२ फेब्रुवारी
पत्र आलं. २० तारखेला पाहणी. पसंत पडलं तर पुढच्या टप्प्यात हातपंप. येणारी इंजिनिअर न्दानू, माझीच विद्यार्थिनी. तिला काय वाळूचं मैदान दाखवू? अध्यक्षाची काही इज्जत असते.

११ फेब्रुवारी
मार्ग सापडला. ट्रकवाला मुथेंगी सगळी वाळू उपसून नेतो म्हणाला, तीही फुकट. उलट त्यानेच माझा हात दोनदा हातात घेतला, मला साहेब म्हणाला. चांगली माणसं अजून आहेत. शनिवार-रविवार सगळ्या बायका कवाताच्या नातीच्या लग्नाला बाहेरगावी. आल्या की चकित होतील.

१५ फेब्रुवारी
दोन दिवस, अकरा ट्रक, फेऱ्यांवर फेऱ्या. धरण अखेर धरणासारखं. तळाशी पाणी चमकतंय. एक बदकही आलं. फोटो काढला.

१६ फेब्रुवारी
बायका परतल्या. एकेक जण काठावर येऊन बघून गेली. कवाता बराच वेळ काठावर बसून होती. अपेक्षेपेक्षा जास्त भारावल्या असाव्यात.
स्योंबुआने गाढवाचे दोर खुंटीवरून काढून ठेवलेत. कशाला, विचारलं. तिने गाठी तपासल्या.

२० फेब्रुवारी
चार दिवस कडक ऊन. पाणी खाली गेलं, उरलं ते गुरांनी तुडवलं. बदक नाही.
न्दानू आली. भिंतीवरून चालली, बांधकाम चांगलं म्हणाली. मग विचारलं, "मास्तर, वाळू कुठे गेली?" वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराकडे मी जसा बघायचो, तशी बघत. मी उन्हाला, हवेला, बाष्पीभवनाला दोष दिला. ती म्हणाली, "बाष्पीभवन तुम्हीच शिकवलंत मला. सातवीत."
हातपंप नाही. वाळू भरल्यावर पुन्हा पाहणी. एप्रिलचा पाऊस आमच्याकडे नावापुरता, म्हणजे नोव्हेंबर.

२१ फेब्रुवारी
दुपारची सत्रं जेवणाआधी घ्यावीत असं जिल्ह्याला कडक पत्र लिहिणार.
स्योंबुआ नदीवरून दुपारी एक वाजता आली. घराच्या भिंतीला धरून बसली.

२३ फेब्रुवारी
पत्र लिहिलं नाही. सकाळी स्योंबुआ उठायच्या आत गाढव सोडलं. एकदाच जाऊन अंतर मोजावं म्हणून. वाटेत कवाता आणि बाकीच्या भेटल्या. मी पुढे झालो तर कवाता म्हणाली, "मास्तर, गाढवाच्या मागून चला. वाट त्याला माहीत आहे." कोणी हसलं नाही. चार कॅन भरले. गाढवावर चढवताना पलीकडून कवाताने हात लावला.
बाराला घरी. स्योंबुआ अंगणात, पाय लांब करून. मी म्हटलं, नोव्हेंबरपर्यंत मीच जाईन, मी आणि गाढव. तिने विचारलं, गाढवाला सांगितलंत का?
म्हटलं, वाटेत सांगितलं.
तिने कप पुढे केला. अर्धाच चहा होता. उरलेला अर्धा तिच्या कपात.