वज्रकायाची उत्तरपूजा

पेण,
श्रावणातला सोमवार

श्री. कमळाकर भावोजी यांस,
महिपतीचा साष्टांग नमस्कार. तुम्ही, मालूताई आणि तुमचं छपाईयंत्र तिघंही सुखरूप असाल अशी आशा आहे. (गेल्या खेपेस यंत्राला खोकला झाला होता, म्हणून विचारतो.) इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे; पण ठीक नाही.

माझी 'बांधावरचा वज्रकाय' ही कादंबरी कुणी प्रकाशक घेईना, तेव्हा आपणच रोह्यात छापू, असं तुम्ही म्हणालात. ते मी विसरलेलो नाही. (पहिल्या पानावर लग्नपत्रिकेतले मोर आलेत, पण यंत्रमानवांच्या लढाईत ते कुठे आड आले नाहीत.) तक्रार छपाईची नाही. तक्रार आमच्या आईची आहे.

आईला अक्षर येत नाही, म्हणून आमची सरू तिला दुपारी थोडं थोडं वाचून दाखवायची. शत्रूचे यंत्रमानव समुद्रातून येऊन खाडीचा बांध फोडतात आणि माडाहून उंच असा आपला वज्रकाय त्या खांडीत आडवा पडून भरतीचं पाणी अडवतो, इथवर आई खूश होती. तिचा जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेला. फुटलेला बांध तिने पाहिला आहे. शेवटी शत्रू हरतात आणि गावकरी वज्रकायाला खाडीत बुडवतात. (एवढं लोखंड ठेवणार कुठे, एवढाच माझा विचार होता.) तर आई म्हणाली, "उत्तरपूजा कवा केली?"

मी म्हटलं, आई, तो यंत्रमानव आहे.

"मंग त्याचे डोले आखताना मंतर कोनी म्हटलं? जीव घातलास, आनि निरोप न देता बुडवलास? त्यो जिता हाय तितं."

इथे मी सापडलो. इतकी वर्षं पुंडलिकशेठच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखतोय. वज्रकायाला उठवायची वेळ आली तेव्हा कळ, बटण काही सुचलं नाही. नायकाकडून डोळे आखून घेतले, प्राणप्रतिष्ठा करवली आणि उठवला. हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. आता अक्षता टाकून, मूर्ती जराशी हलवून देवाला मोकळं करायचं असतं हे मला ठाऊक नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

तेव्हापासून आई रोज खाडीच्या दिशेने हात जोडते. तिचं ऐकून शेजारचा गोविंदा कोळीही त्या बाजूला जाळं टाकत नाही. ("झोपलेल्याला कशाला उठवा, दादा?") ते सोडा, पण माझंच चित्त लागत नाही. कुंचला उचलला की तो चिखलात डोळे उघडे ठेवून पडलेला दिसतो. पुंडलिकशेठ काल म्हणाले, "महिपती, यंदाचे गणपती कुणाची वाट बघतात रे?" मी पाहिलं, तर खरंच तसे बघत होते. गिऱ्हाईकं मूर्ती न्यायला यायला लागलीत. हाताला काम राहतं की नाही, अशी वेळ आली आहे.

म्हणून सोबत एक पान जोडलं आहे. त्यात उत्तरपूजा यथासांग केली आहे. (त्याच्या हातावर दही ठेवायला गावाने घागरी आणल्या.) उरलेल्या सगळ्या प्रतींत हे पान चिकटवावं, ही विनंती. मालूताईस नमस्कार.

आपला,
महिपती

ता. क. : पाकीट बंद करण्याआधी सरूने ते पान आईला वाचून दाखवलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे गेला त्यो? आनि आता उधान आलं, तर बांध कोन धरील?" आणि जेवायला उठली नाही. तेव्हा पान कोणत्याही प्रतीत चिकटवू नये.

ता. क. २ : एका प्रतीत मात्र चिकटवा. ती माझ्या नावाने कारखान्यावर पाठवा, घरी नको. आईने विचारलं, तर तो आहे तिथेच आहे म्हणून सांगा.