शिवलिंगअण्णांची चंद्री आणि माझा ऑर्केस्ट्रा

१ ऑक्टोबर २००३
नोकरी लागली. पोस्ट : इव्हेंट प्लॅनर. जागा : आपल्या कोल्हापुरातलं हॉस्पिस. म्हणजे आजार बरा होणार नसतो, पण दुखणं तरी कमी करतात. मॅट्रन प्रियदर्शनीताई म्हणाल्या, पेशंटला काय हवंय ते विचारायचं आणि घडवून आणायचं, बास. सोपं आहे. गोव्यात वेटर होतो तेव्हा चिक्कार लग्नं जवळून बघितलीत. संकल्प : ही नोकरी सोडून कुठंही भटकायचं नाही.

४ ऑक्टोबर
पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंतचं कॅलेंडर करून भिंतीला लावलं. ताईंनी ते बघितलं. म्हणाल्या, कृष्णात, तू कुठं काम करतोस ठाऊक हाय न्हवं? ठाऊक आहे की. पाण्याच्या टाकीला लागून.

५ ऑक्टोबर
खिडकीजवळच्या खाटेवर शिवलिंगअण्णा. जातिवंत गवळी, घरची भाषा कन्नड. काय हवं विचारलं. म्हणाले, तम्मा, म्हणजे धाकट्या भावा, पाडव्याला माझी चंद्री दाखव. चंद्री म्हणजे म्हैस. पाडव्याला गवळी म्हशी नटवून मोटरसायकलीमागं पळवतात, तशी ही अण्णांच्या राजदूतमागं पळायची. म्हणाले, एवढा पाडवा गाठतो, फुडचं काय सांगता येत न्हाय.
हॉस्पिसमध्ये म्हैस? स्टँडर्ड काय राहील? पण धीर दिला. पुढच्या वर्षीच्या पाडव्याच्या चौकोनात लिहून टाकलं : अण्णा, चंद्री. यंदा ऑर्केस्ट्रा.

१० ऑक्टोबर
काल कोजागरीचं दूध वाटलं. पिशवीचं. मसाला राहिला, कारण आणायला गेलो तर रंकाळ्यावर कोणीतरी रिमोटचं विमान उडवत होतं. अण्णांनी एक घोट घेतला, बाकीचं खिडकीतल्या तुळशीला ओतलं. मला म्हणाले, आता तिची माफी माग.
तरी कार्यक्रम यशस्वी. एकही प्रेक्षक उठून गेला नाही.

१९ ऑक्टोबर
ऑर्केस्ट्रा ठरला. माणूस एकच, पण बाईच्या आवाजातही गातो. प्रमुख पाहुणे मल्लेश. एका सिरियलमध्ये प्रेत झाला होता. ताईंना नुसतं ‘कलाकार’ सांगितलं.
अण्णा खायला नको म्हणतात. बोलतही नाहीत. पण रस्त्यावर मोटरसायकल वाजली की मान वळवतात. ऑर्केस्ट्राची उत्सुकता, दुसरं काय.

२५ ऑक्टोबर
पाहुण्यांना स्टँडवरून आणायला गाडी नाही. डोकं चालवलं. अण्णांची राजदूत गोठ्यात पडून आहे. त्यांच्या सूनबाई दानेश्वरीवहिनींनी किल्ली दिली. म्हणाल्या, भावजी, सायलेन्सर काढलाय. उद्या कोपऱ्यापर्यंत ढकलत न्या, गोठ्याम्होरं किक मारू नगा. बायका गाडीचं शिकवायला लागल्या.

२६ ऑक्टोबर, पाडवा. दुपारी
किक मारली.
चंद्री नटून उभी होती. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, गळ्यात कवड्या. दावं तोडून माझ्यामागं. मी जोरात, ती त्याहून जोरात. मागून वहिनी ओरडत होत्या, गाडी बंद करा की वो! बंद करून मरू काय? स्टँड राहिलं बाजूला, सरळ हॉस्पिसच्या व्हरांड्यात घुसलो. ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवर चंद्रीनं पाय दिला. एकच सूर निघाला, शेवटचा.
ताईंनी मला जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. मग खिडकीतून अण्णांचा आवाज आला. इतके दिवस कुठं होता तो आवाज? खाट ओढत व्हरांड्यात आणली. चंद्रीनं त्यांचा हात चाटला. दोघं कन्नडमध्ये काहीतरी बोलली, म्हणजे अण्णा बोलले. वहिनींनी तिथंच धार काढली. अण्णांनी फेसासकट अर्धा कप पिऊन मिशी पुसली.

संध्याकाळी
ताईंना सांगितलं, सगळं प्लॅनिंग माझं. अण्णा म्हणाले, बोलू दे वो त्याला, गाडी झ्याक चालीवली पोरानं.
मल्लेश स्टँडवरूनच परत गेला.

३१ ऑक्टोबर
पहाटे अण्णा गेले. झोपेतच.
बाकीच्या पेशंटना काय हवं विचारलं. सगळ्यांना चंद्री हवी. आता दर रविवारी वहिनी तिला आणणार. ताई म्हणाल्या, तुझी पोस्ट तीच, आणि हातात फावडं दिलं.
कॅलेंडरही उतरवायला सांगितलंय. पुढच्या वर्षीच्या पाडव्याच्या चौकोनात अण्णा आणि चंद्री, ती दोघं अजून आहेत. पेन घेऊन उभा होतो. मग आठवलं, व्हरांड्यात एका कोपऱ्यातलं शेण राहिलंय. आधी ते.