तुझ्या चित्रातली माझी आई

विक्रोळी (पूर्व)
१० डिसेंबर २०२४

सपना गं,

बरी आहेस ना? आमच्याकडे सगळं ठीक. शाळेत स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, त्यामुळे खांदे भरून आलेत.

तुझे फोन मुद्दाम घेतले नाहीत. आवाज चढला असता, म्हणून लिहितेय.

प्रदर्शन झकास झालं. अंधेरीच्या त्या एवढ्याशा गॅलरीत उद्घाटनाला पाय ठेवायला जागा नव्हती. खाडीची चित्रं मात्र मला जरा गोड वाटली. खारफुटीचा हिरवा ट्यूबमधून निघाला तसाच लावलायस. फ्रेम्सही जड आहेत. असो.

आईच्या चित्राबद्दल आधी सांगायला हवं होतंस.

तुझी बिल्डिंग पाडली, मुलुंडच्या भाड्याच्या खोलीत उजेड नाही, म्हणून दुपारी आमच्या बाल्कनीत येऊन रंगव, असं मीच म्हणाले. मी शाळेत, आई घरी. बाहेरची झाडंबिडं काढत असशील, असं धरून चालले. आणि आईला कौतुकाने उद्घाटनाला घेऊन येते तर समोरच्या भिंतीवर आईच! मांडीवर परात, हातात भिजवलेले वाल, आणि तोंड उघडून हसतेय.

यार, समोरचा दात पडल्यापासून ती पदर तोंडाला लावल्याशिवाय हसत नाही. कॉलेजपासून मी तिला चित्रासाठी बसवायला बघतेय. ‘माका खंय वेळ?’ म्हणून उठून जाते. तुझ्यासमोर बसली. दाताच्या फटीसकट.

मी तिथे चहाच्या टेबलाशी पाठ करून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी एकटी परत आले, तेव्हा नीट पाहिलं. कपाळावरचा रंग इतका पातळ ठेवलायस, की खालचा गेरू अंगातल्या उबेसारखा वर येतो. मला नसतं जमलं.

घरी विचारलं, “तिच्यासमोर बरी बसलीस!”

आई म्हणाली, “ता चेडू माका इचारता, ऐकता. तू नुसती ‘हलू नको’ म्हणतस.”

रविवारी हट्टाने तिला बसवलं. मोठा कागद लावला, कोळसा घेतला. ती आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशी ताठ. म्हटलं, काहीतरी विचारावं. तर काही सुचेचना. सख्ख्या आईला, सपना! शेवटी म्हटलं, “दात कसा पडला गं तुझा?”

“सपनाक सांगलंय. तिका इचार.”

इतकं लागलं ना मला ते.

“मला सांग ना,” म्हटलं.

मग सांगितलं. चाळीतल्या लग्नात बायकांशी पैज लावून सोड्याची बाटली दाताने उघडायला गेली होती! आम्हाला इतकी वर्षं ‘किडला होता’ सांगत आली. सांगता सांगता पदर सुटला, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी कागदाकडे वळलेच नाही. वळले असते तर ते हसणं बघायचं राहिलं असतं.

तर माझं चित्र झालेलं नाही. तुझं झालंय, आणि ते चांगलं आहे. अख्ख्या प्रदर्शनात तेवढं एकच तसं आहे, आणि तेच नेमकं माझ्या आईचं, याचा राग अजून गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही.

येत जा. आई वाट बघते. फक्त आता मी घरी असेन तेव्हा ये.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
मानसी