खापर कोणाच्या नावे

मी, कोकिळा गिरधर चौधरी, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की सासरच्या काही मंडळींना तीच अडचण वाटते. पती वारले, मूलबाळ नाही. म्हणून माझ्यामागे माझे काय करायचे याची चर्चा घरात माझ्यासमोरच सुरू झाली आहे. ती चर्चा मी येथे संपवत आहे.

१. घराची माडी धाकटे दीर अरविंद यांच्या नावावर आहे. तिच्याशी माझा संबंध नाही. खालचा मजला माझा. त्यात मागचे स्वयंपाकघर, चुली आणि सर्व खापरे येतात. खापर म्हणजे मातीचे मोठे गोल भांडे. ते चुलीवर पालथे घालतात आणि हातावर फिरवून वाढवलेला पुरणाचा मांडा त्याच्या पाठीवर भाजतात. लाटणे लागत नाही. मनगट लागते.

२. हा व्यवसाय कसा झाला हे कागदावर असावे, कारण घरात त्याचा इतिहास रोज बदलतो. पती गेल्यावर एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी शेजाऱ्यांची मांड्यांची मागणी घेतली. भाऊजी माडीवरून खाली आले. म्हणाले, "वहिनी, आपल्या घरात अन्न विकत नाहीत. वाढतात."

मी विचारले, "वाढणारा हात कोणाचा, भाऊजी?"

"घरच्या बाईचा. दुसऱ्या कोणाचा?"

"मग घरच्या बाईलाच ठरवू द्या."

त्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. मांडे मात्र रोज वर मागवले. तत्त्वाचा माणूस उपाशी राहतो असे मी अनेक व्यासपीठांवरून सांगितले आहे. आमच्या घरात तत्त्वाला दोन वाट्या आमरस लागत असे.

पुढे लग्नांची वरण-बट्टी, बारशांचे भरीत-भाकरी, शाहपुरापर्यंतच्या पंगती असे काम वाढले. तेव्हा जे पाप होते त्याला भाऊजी आता "घराण्याची परंपरा" म्हणतात. या घराण्यातल्या एकाही पुरुषाने चूल पेटवलेली मी पाहिली नाही. यांची परंपरा ताटावर बसण्याची आहे. ती त्यांनी निष्ठेने जपली, हे मान्य करते.

३. खालचा मजला, स्वयंपाकघर, सर्व भांडी, व्यवसायाचे बँक खाते आणि "कोकिळाबाईंचे मांडे" हे नाव मी गायत्री हिला देत आहे. गायत्री ही पुतण्या नीलेश याची पत्नी. परंतु मी तिला नीलेशची पत्नी म्हणून काही देत नाही. ज्या बाईच्या हातून मांडा फाटत नाही आणि जी मागणी घेताना आवाज खाली करत नाही, तिला देत आहे. नवऱ्याने, सासऱ्याने किंवा पुढे मुलाने यावर सही मागितल्यास तिने हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. आवाज कसा लावायचा हे मी तिला शिकवले आहे.

४. नीलेश यास काही नाही. कारण लिहिणे कायद्याने आवश्यक नाही. मला आवश्यक वाटते. व्यवसायाचे हे नाव एका मॅरेज गार्डनला भाड्याने देऊन घरी बसून खायचे, असा त्याचा बेत आहे. तेथे रांधणार गायत्री, आणि मालक म्हणून खुर्चीत हा. त्यासाठी मला न विचारता त्याने मोठा फलक करून घेतला. त्यावर आजोबांचा फेटा बांधलेला फोटो, शेजारी गॅसवर ठेवलेले खापर.

खापर सुलटे होते. तोंड वर. आणि आत मांडे भरलेले, डब्यात पापड भरावेत तसे.

मी म्हटले, "नीलेश, हे काय?"

"मोठीमाय, ब्रँडिंग आहे. आजकल सब दिखाना पडता है."

"जे दाखवलंस ते सगळ्या सिंधीपुऱ्याने पाहिलं, बाबा."

मालती, म्हणजे त्याची आई, माझी जाऊ, मागे उभी होती. ती म्हणाली, "जल्मभर ताटात मांडा पाहिला यानं. चुलीवर कधी पाहिला?"

तो तरीही म्हणतो, ही कला आमच्या रक्तात आहे. रक्त तपासून घ्यावे. माझ्या निर्णयाचे खापर त्याने गायत्रीच्या डोक्यावर फोडू नये. निर्णय माझा एकटीचा आहे.

५. माझी पुस्तके सार्वजनिक वाचनालयास. नीलेशने मागू नयेत. तो मलपृष्ठ वाचून मत देतो.

६. शोकसभेत मला "अन्नपूर्णा" म्हणू नये. अन्नपूर्णेला मजुरी द्यावी लागत नाही, म्हणून हा शब्द पुरुषांना फार आवडतो. मी धंदा केला. तसेच म्हणावे.

७. माझ्या सोन्याच्या पाटल्या मालतीला, असे मी प्रथम लिहिले होते. ते कलम आज रद्द झाले. मला वाटले होते, मुलाविरुद्धच्या या कागदाजवळही ती येणार नाही. मी तिला मसुदा वाचून दाखवला. मग तिने विचारले, "बाई, साक्षीला कोण?" मी सांगितले, एक लीलाधर सर, दुसरा अजून ठरायचा आहे. ती म्हणाली, "मी करते."

मी म्हटले, "ज्याला काही मिळतं त्याने साक्ष न केलेली बरी, असं वकील म्हणतात. उद्या नीलेश कोर्टात तेच धरेल. तुझ्या पाटल्या जातील."

"जाऊ द्या."

"वर माडीवर राहायचंय तुला. भाऊजी काय म्हणतील?"

"म्हणू द्या. सून माझ्यासारखी नको राहायला. पाटल्या खोडा, बाई, अन् पेन इकडे द्या."

म्हणून पाटल्या गायत्रीस.

हे सर्व मी वाचले, समजून घेतले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

बुऱ्हाणपूर, दि. ११ फेब्रुवारी २०२५

(सही) कोकिळा गिरधर चौधरी

साक्षीदार:
(सही) लीलाधर सातव, निवृत्त शिक्षक, शाहपूर
(सही) मालती अरविंद चौधरी, नीलेशची आई