बाजारातलं कुलूप

मुख्याधिकारी श्री. अमृत,

वयानं तुम्ही चिरंजीव, पण खुर्चीला मान द्यावा लागतो. पुरात तीन दिवस गुडघाभर पाण्यात उभे राहिलात, म्हणून नोकरीतून निवृत्त होऊन नगरसेविका झालेली मी तुमच्या बाजूनं सगळ्यांशी भांडले.

गेल्या सभेत तुम्ही म्हणालात, "बाजारातलं महिलांचं शौचालय सुरू आहे." हसणाऱ्यांना मीच गप्प केलं. गेल्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, तिथं गेले, तर दाराला कुलूप. माण तालुक्यातून मेथी विकायला येणारी हरणाबाई म्हणाली, "आवं बाई, कवाधरनं बंदच हाय. आमी दिवसभर पाणीच पीत न्हाई."

तुम्हाला विचारलं, तर मान खाली घालून म्हणालात, "उद्घाटनाला आमदारसाहेबांची तारीख मिळेना, मॅडम." लघवीला तारीख लागते? तुम्हाला वाटणारा त्यांचा धाक मला समजतो. खोटं मात्र पोटात घालता येत नाही. पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी मला तसं घडवलंच नाही.

उद्या तुमची बदली मागणारा ठराव आहे आणि तो एका मतावर अडलाय. ते मत माझं. तरी हे पत्र पाठवणार नाही. मी सांगितल्यावर उघडलेलं कुलूप मला नको.

उद्या मंगळवार. बाजार आठला भरतो, तेव्हा ते दार बघून येईन; सभा अकराला. तोवर माझा हात खालीच आहे.

अजून तरी तुमची,
विजयमाला शिंदे